सुळे, भाडं आणि भूक

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (1897) सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. ट्रान्सिल्व्हेनियातल्या गढीत मुक्कामाला आलेला वकील जोनाथन हार्कर बघतो, तर खुद्द काउंट त्याचं अंथरूण घालतोय. पुढे दाराच्या फटीतून त्याला दिसतं की जेवणाचं टेबलही तोच मांडतोय. एवढ्या अवाढव्य गढीत एकही गडीमाणूस नाही, हे हार्करच्या ध्यानात येतं आणि त्याच्या अंगावर काटा येतो. वाचणाऱ्याला मात्र हसू फुटायला हरकत नाही. शतकानुशतकं राज्य केलेला सरदार पाहुण्यासाठी पलंगपोस सारखा करतो, सोफ्यावर आडवा पडून इंग्लंडातल्या आगगाड्यांचं वेळापत्रक वाचतो. हार्करला त्याने बोलावलंय तेही लंडनजवळच्या एका जुन्या वास्तूच्या खरेदीसाठी. पुढे मातीच्या पन्नास पेट्या जहाजाने आणि मग हमालांकरवी हलवायच्या, त्याच्या पावत्या आल्या. त्याच पुस्तकात ल्यूसीला एका दिवसात तिघे जण मागणी घालतात आणि तिला प्रश्न पडतो की तिघांशीही लग्न का करता येऊ नये.

विनोदी व्हॅम्पायर-प्रेमकादंबरीला लागणारा सगळा ऐवज इथे हजर आहे: घर, घरकाम, कागदपत्रं, स्थळं. आणि भूक. गेल्या तीसेक वर्षांत अमेरिकेत या प्रकाराचं जे पीक आलं, त्याने पहिल्या चार गोष्टी मन लावून सांभाळल्या आणि पाचवी हळूहळू टाकून दिली. त्याची किंमत विनोदाला मोजावी लागली, असं माझं मत आहे.

पडद्यावर ही थट्टा आधीच रुळली होती. 'लव्ह ॲट फर्स्ट बाइट' (1979) या चित्रपटात रुमानियाचं कम्युनिस्ट सरकार ड्रॅक्युलाला गढीतून बाहेर काढतं आणि तो न्यूयॉर्क गाठतो. न्यूझीलंडच्या 'व्हॉट वी डू इन द शॅडोज'मध्ये (2014) वेलिंग्टनला एकत्र राहणाऱ्या व्हॅम्पायरांचं भांडण जुंपतं ते पाच वर्षं न घासलेल्या भांड्यांवरून. कादंबरीत मात्र हा सूर पकडायला एका वेगळ्या लाटेची गरज होती. 'ब्रिजेट जोन्स'नंतर (1996) नोकरी, वजन आणि प्रेम यांत गोंधळ घालणाऱ्या, स्वतःवरच हसणाऱ्या नायिकांची चलती झाली. त्याच सुमारास व्हॅम्पायरांची शिकार करणाऱ्या मुलीची 'बफी' ही मालिका (1997 ते 2003) घरोघरी पोहोचली होती. दोन्हींची गाठ पडल्यावर गुलाबी मुखपृष्ठं, उंच टाचांचे बूट आणि सुळे एकत्र दिसू लागले.

या लाटेतलं सर्वांत बिनधास्त पुस्तक म्हणजे मेरीजॅनिस डेव्हिडसनचं 'अनडेड अँड अनवेड' (2004). मिनेसोटातली बेट्सी टेलर तिसाव्या वाढदिवशीच नोकरी गमावते, गाडीखाली सापडून मरते आणि प्रेतं ठेवतात तिथे जागी होते. मेल्याचं दुःख तिला आहेच, पण पायात स्वस्तातले बूट आहेत आणि आपले महागडे जोड सावत्र आईने लाटलेत, याचं जास्त आहे. (कोकणात आरवलीच्या वेतोबाला रात्रीच्या गस्तीसाठी भक्त चामड्याच्या चपला वाहतात, बेट्सीला ही प्रथा मनापासून पटली असती.) ती व्हॅम्पायरांची राणी ठरते, आणि त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात ही राणी एका मोठ्या दुकानात बूट विकण्याची नोकरी धरते. डेव्हिडसनची नजर इथे अचूक आहे. अमरत्व मिळालं तरी महिनाअखेर टळत नाही, हे तिला ठाऊक आहे. पण तिची खोड अशी की प्रत्येक वाक्याला टोला हवाच. पहिल्या पुस्तकात हा उत्साह वाटतो, चौथ्यात दमछाक. मालिका 2016पर्यंत ओढली गेली. ती तेवढी ओढायला नको होती.

एक गोष्ट सहज नजरेत भरते. या कथांतल्या बहुतेक मुली नोकरी गेलेल्या किंवा तुटपुंज्या पगारावरच्या आहेत. मॉली हार्परच्या 'नाइस गर्ल्स डोन्ट हॅव फँग्ज'मधली (2009) जेन ही केंटकीतल्या वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळणारी. कामावरून काढल्यावर ती बारमध्ये जाऊन बसते आणि परतीच्या वाटेवर एक दारुडा शिकारी तिला हरीण समजून गोळी घालतो. जेना लेव्हाईनच्या 'माय रूममेट इज अ व्हॅम्पायर'मधली (2023) चित्रकार कॅसी घराबाहेर काढली जाण्याच्या बेतात असताना शिकागोच्या उत्तम वस्तीत महिना दोनशे डॉलर भाड्याने खोली मिळते म्हणून जाते. तिथेच आपण ओळखायला हवं की घरमालकात काहीतरी गडबड आहे. व्हॅम्पायर नायकाचं खरं आकर्षण त्याच्या फिकट गालांत किती आणि त्याच्या नावावरच्या जागेत किती, हा प्रश्न या लेखिका हसत हसत विचारतात. उपवर मुलांची चौकशी करताना 'स्वतःची जागा आहे का' हे आधी विचारणाऱ्या आपल्याकडच्या आत्याबाईंना तो नवा वाटणार नाही.

लिन्झी सँड्सने घराऐवजी कुटुंब घेतलं. तिच्या 'सिंगल व्हाइट व्हॅम्पायर'मध्ये (2003) टोरोंटोचा ल्यूसर्न आर्जेनो आपल्या घराण्याचा खरा इतिहास लिहितो आणि प्रकाशक तो व्हॅम्पायर-प्रेमकादंबऱ्या म्हणून खपवतो. नवी संपादिका त्याला वाचकांच्या मेळाव्याला न्यायला येते आणि हा माणूसघाणा गृहस्थ कात्रीत सापडतो. कल्पना झकास आहे, कारण या प्रकाराने स्वतःचीच टोपी उडवली आहे. पण सँड्सचे व्हॅम्पायर रक्त पितात ते रक्तपेढीच्या पिशवीतून; माणसाला चावायला त्यांच्याकडे बंदी आहे. त्यांच्या अमरत्वाचा उगमही अटलांटिसच्या लोकांनी बनवलेल्या सूक्ष्म यंत्रांत सांगितला आहे. शाप नाही, पाप नाही, मरणही नाही. उरतात ती श्रीमंत, देखणी, थोडी विक्षिप्त माणसं आणि त्यांच्या लग्नासाठी उतावीळ झालेली आई. तिसाहून अधिक पुस्तकं या पायावर उभी आहेत. केरेलिन स्पार्क्सच्या 'हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर व्हॅम्पायर'मध्ये (2005) नायकाचा सुळाच निखळतो आणि त्याला रात्री उघडा दवाखाना शोधावा लागतो. दंतवैद्य बाईंना रक्त बघून घेरी येते. प्रसंग म्हणून बहारीचा आहे, पण कृत्रिम रक्त तिथेही बाटलीबंद मिळतंच.

ही सोय शार्लेन हॅरिसच्या 'डेड अंटिल डार्क'मध्येही (2001) आहे. जपान्यांनी कृत्रिम रक्त शोधलं म्हणून तिथले व्हॅम्पायर उघडपणे समाजात आले. पण हॅरिस हुशार आहे. बाटलीतलं रक्त पोट भरतं, जीव रमवत नाही, हे ती विसरू देत नाही. लुइझियानातल्या लहानशा गावात खानावळीत वाढपीण असलेल्या सूकीला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, व्हॅम्पायर बिलच्या मनातलं मात्र ऐकू येत नाही. त्या शांततेच्या ती प्रेमात पडते. या प्रकारात प्रेमाला इतकं पटण्याजोगं कारण दुसरं कुणी दिलेलं मला आठवत नाही.

भुकेचा हिशेब पुरता मांडला तो ख्रिस्तोफर मूरने, तोही या लाटेच्या बराच आधी. 'ब्लडसकिंग फीन्ड्स'मधली (1995) जोडी सॅन फ्रान्सिस्कोत विमा कंपनीत काम करते. एका रात्री तिच्यावर हल्ला होतो आणि ती व्हॅम्पायर होऊन जागी होते. दिवसा ती निर्जीव, त्यामुळे जागा भाड्याने घ्यायची, कचेऱ्यांत खेटे घालायचे तर दिवसा जागं असणारं कुणीतरी हवं. तिला सापडतो टॉमी, इंडियानाहून लेखक व्हायला आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. तो रात्रपाळीला सुपरमार्केटमध्ये माल लावतो आणि फावल्या वेळात सोबत्यांबरोबर गोठवलेल्या टर्की कोंबड्या घरंगळवून बाटल्या पाडतो. जोडीला काय काय जमतं हे पडताळायला तो ॲन राइसची व्हॅम्पायर-कादंबरी माहितीपुस्तिकेसारखी हाताशी धरतो. इथपर्यंत सगळी मौजच आहे. पण जोडीला भूक लागते आणि ती टॉमीचं रक्त पिते, शहरात प्रेतं सापडू लागतात, घरातल्या फ्रीझरमध्ये एक मेलेला माणूस असतो. तिथेही मूर हसवतो, आणि ते हसू घशात अडकतं. आपल्या माणसाला आपली गरज नक्की कशासाठी आहे, ही कुठल्याही नव्या संसारातली शंका इथे शब्दशः खरी ठरते. पुस्तक निर्दोष नाही. टॉमीशी लग्न करून अमेरिकेत कायम राहायला बघणारे वोंग नावाचे पाच जण हा विनोद तेव्हाही स्वस्त होता, आज तो वाचवत नाही.

मूरची नायिका, डेव्हिडसनची आणि हार्परची, या तिघी स्वतः व्हॅम्पायर होतात. व्हॅम्पायरच्या नुसत्या प्रेमात पडणाऱ्यांपेक्षा त्या कितीतरी जास्त हसवतात. भूक त्यांची स्वतःची असते, आणि ती लपवताना त्यांची जी तारांबळ उडते, ती दुरून बघणाऱ्या प्रेयसीच्या वाट्याला येत नाही.

आपल्याकडे दिग्दर्शक आदित्य सरपोतदारने आधी 'झोंबिवली' (2022) आणि 'मुंज्या' (2024) केले, मग 'थामा'त (2025) वेताळ प्रेमकथेत आणला. तिथे नायिका आधीपासूनच वेताळकुळातली आहे आणि नायक नंतर तसा होतो. ती त्याच्या मध्यमवर्गीय आईबापांसमोर उभी राहते तेव्हा चित्रपटात जान येते. मारामाऱ्या सुरू झाल्या की जाते. मराठी कादंबरीत असा प्रयोग माझ्या वाचनात नाही. नारायण धारपांनी व्हॅम्पायर मराठीत आणला तो 'लुचाई' या कादंबरीत, आणि तो घाबरवण्यासाठीच.

लेव्हाईनकडे परत यायला हवं, कारण हा प्रकार आज तिच्या हातात आहे. तिचा फ्रेडरिक शंभर वर्षांच्या झोपेतून उठलेला, अतिसभ्य, चिठ्ठ्या लिहून बोलणारा आहे. त्याला इंटरनेट आणि आजचे कपडे समजावणारी कॅसी वाचायला गोड वाटते. पण शेवटपर्यंत तिच्या जिवाला धोका आहे असं एकदाही वाटत नाही. रक्ताच्या पिशव्या दिसल्यावर तिला किळस येते, भीती फारशी नाही. दुसऱ्या पुस्तकात (2024) व्हॅम्पायर एका हिशेबनीस मुलीचा खोटा खोटा प्रियकर म्हणून तिच्या घरच्या समारंभांना जातो. त्याच्या जागी कुणीही देखणा वात्रट माणूस चालला असता. तिसऱ्या पुस्तकातल्या (2025) व्हॅम्पायरला तर काहीच आठवत नाही. सँड्सने चावणं काढून घेतलं होतं, लेव्हाईनने आता त्याने कधीकाळी कुणाला चावल्याची आठवणही काढून घेतली आहे.