पडक्या थिएटरांचे चित्रपट

लहान गावातले थिएटर बंद पडले की त्याच्यावर चित्रपट निघतो, असा अलीकडे शिरस्ताच पडला आहे. चालू होते तोवर ज्याच्या खुर्चीतले ढेकूण आणि मोडके पंखे एवढेच लोकांच्या तोंडी असत, त्याच्या नावाने आता डोळे पाणावतात. या जातीचे तीन नावाजलेले चित्रपट मी लागोपाठ पाहिले, आणि पाहताना एकच प्रश्न मनाशी धरला: थिएटर जाते म्हणजे नेमके काय जाते?

पहिला अर्थातच ज्युसेप्पे तोर्नातोरे यांचा ‘सिनेमा पॅराडिसो’ (१९८८). सिसिली बेटावरचे एक गाव, तिथले थिएटर, आल्फ्रेडो नावाचा ऑपरेटर आणि त्याच्या पायांत घोटाळणारा टोटो हा पोर. गावचे पाद्रीबुवा चित्रपट आधी एकटे बसून पाहतात, चुंबन आले की घंटी वाजवतात, आणि आल्फ्रेडो तेवढी फीत कापून काढतो. सज्जातून खालच्या लोकांवर थुंकणारा एक गृहस्थ आहे. पडद्यावरचे संवाद पात्राच्या आधी म्हणून रडणारा दुसरा आहे. ही माणसे इतकी खरी आहेत की त्यांची नावे इटालियन आहेत हे आपण विसरतो. एका रात्री जागा न मिळालेल्या लोकांसाठी आल्फ्रेडो चित्राचा झोत वळवून समोरच्या घराच्या भिंतीवर पाडतो आणि सारा चौक हरखून जातो. त्याच रात्री फीत पेटते आणि त्याचे डोळे जातात. त्या काळच्या नायट्रेटच्या फितीला एकदा आग लागली की ती पाण्यानेही विझत नसे.

माझी तक्रार इथून पुढे आहे. जळालेले थिएटर पुन्हा उभे राहते ते गावातल्या एकाला सोडत लागते म्हणून. अखेरीस ते पडते ते मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून. उभे राहायला नशीब आणि पडायला सुरुंग! मधल्या वर्षांत गल्ल्यात काय जमले, काय गेले, याचा हिशेब नाही. मालक दोन वाक्यांत दूरदर्शन आणि व्हिडिओ यांना बोल लावून मोकळा होतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हा मोह ओळखीचा आहे. मृत्यूचे प्रकरण एका बैठकीत लिहून होते; घरखर्चाचे होत नाही.

पॅन नलिन यांचा गुजराती ‘छेल्लो शो’ (२०२१) याच वाटेने जातो. रेल्वे स्टेशनवर चहा विकणाऱ्याचा मुलगा आईने दिलेला डबा ऑपरेटरला देतो आणि त्याच्या खोलीत बसून चित्रपट पाहतो. डब्यातले पदार्थ फार प्रेमाने दाखवले आहेत. पाहताना भूक लागते. पुढे नवी यंत्रे येतात, जुना प्रोजेक्टर वितळवून त्याचे चमचे होतात आणि फितींच्या बांगड्या. कल्पना सुंदर आहे. परंतु ती सुंदर आहे म्हणूनच मला तिचा संशय येतो. थिएटरचा प्राण यंत्रात होता आणि यंत्र वितळले तसा तो गेला, असे ती सुचवते.

यंत्राची बाजूही न्यायाने पाहावी. पस्तीस मिलिमीटरची फीत मिनिटाला नव्वद फूट धावते. अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट लागतात. डब्यांचे एवढे ओझे आडगावी पोचेपर्यंत शहरात तो चित्रपट जुना झालेला असे आणि फितीवर ओरखड्यांचा पाऊस पडत असे. फितीची जागा संगणकाने घेतल्यावर नवा चित्रपट त्याच शुक्रवारी गावात येऊ लागला. ऑपरेटरची कला बुडाली हे दुःख खरे. पण पिटातल्या माणसाला स्वच्छ चित्र मिळाले, हे या शोकगीतांत कोणी म्हणत नाही.

म्हणून तिघांत मला शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) थोर वाटतो. हा कल्पित नाही, माहितीपट आहे. आणि आपल्या घरचा आहे. महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणाऱ्या तंबूंतल्या टूरिंग टॉकीजची ही हकीकत. तंबू ठोकायचा, मालमोटारीतल्या यंत्रातून चित्र पाडायचे, प्रेक्षकांनी जमिनीवर बसायचे. नवे यंत्र विकत घेतले जाते आणि ऐन खेळाच्या वेळी चालत नाही. बाहेर लोकांचा गलका वाढत जातो आणि मालकाचा चेहरा उतरत जातो. ‘पॅराडिसो’त न सापडलेला घरखर्च इथे सापडतो. प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर तर कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असा. दातेचक्रे तेलात फिरत राहतील असा प्रोजेक्टर त्याने स्वतःच्या डोक्याने बनवला. पण गिऱ्हाइकांचा काळच सरला होता. तो रडत नाही. यंत्र दाखवताना त्याचा हात त्यावरून फिरतो, तेवढेच.

आणि प्रेक्षक! मधेशियांनी तंबूतल्या प्रेक्षकांची छायाचित्रेही काढली. २०११ साली त्यांना वर्ल्ड प्रेस फोटोचे पारितोषिक मिळाले. वर वळलेले ते चेहरे पाहिले म्हणजे माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून एकाच वेळी हसायची जागा जाते. तंबू मोडका असला तरी ती जागा असते, आणि इमारत संगमरवरी असली तरी दार बंद असेल तर ती नसते.

हे कोणी जपले आहे काय? फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ला सिओता नावाचे लहान गाव आहे. ल्युमिएर बंधूंच्या चित्रातली प्रसिद्ध आगगाडी शिरते ती याच गावच्या स्टेशनात. तिथल्या ‘एदेन’ थिएटरात १८९९ साली चित्रे दाखवली गेली. १९९५ साली ते बंद झाले. गावकऱ्यांनी संस्था काढली, पाठपुरावा केला, आणि डागडुजी होऊन २०१३ साली ते पुन्हा उघडले. नुसते कुलूप लावून जपले नाही. पुन्हा तिथे खेळ सुरू केले. या कथेत ना आग, ना सुरुंग, ना आंधळा ऑपरेटर. अर्ज, बैठका आणि वर्गणी यांवर चित्रपट काढणे अवघड आहे, हे मला मान्य.

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या मंडळींनी मिळून पाहायचे झाल्यास आधी ‘छेल्लो शो’ लावावा, मुले रमतील. ‘पॅराडिसो’ पुढे मोठ्या लांबीचाही आला आहे, त्यात टोटोच्या प्रेमाचे पाल्हाळ फार. दोन तासांचाच पाहावा. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ मात्र चार घरच्यांनी एकत्र जमून, जमिनीवर सतरंजी टाकून पाहावा.