दावरांची खुर्ची

कात्रपमध्ये आम्ही राहायला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक रोज लोकलनं सीएसएमटीला उतरत असतील, आणि हायकोर्टाची ती काळ्या दगडाची इमारत त्यांनी बसच्या खिडकीतून तरी पाहिली असेलच. आजचा विषय त्या इमारतीतला आहे. एक वकील, पुढे न्यायाधीश झालेला. आणि काळ बॉम्बचा.

टिळकांवरच्या 1908 च्या खटल्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्या सगळ्या लिखाणात न्यायमूर्ती दिनशा दावर कुठे दिसतात? भिंतीसारखे. चेंडू आपटायला भिंत लागते ना, तेवढंच त्यांचं काम. टिळक तेजस्वी, म्हणून दावर काळे. ही टीका आम्हाला आळशी वाटते. दावर निर्दोष होते म्हणून नव्हे; त्यांच्यावर आपण चुकीचा आरोप ठेवतो म्हणून.

नेहमीचा आरोप असा. 1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. खालच्या कोर्टानं जामीन नाकारला. हायकोर्टातही पहिला अर्ज फेटाळला गेला, आणि त्या खंडपीठावर पार्सन्स यांच्याबरोबर होते आपले न्यायमूर्ती रानडे. (हे ऐकून पुण्याकडचे श्रोते नेहमी जरा चुळबुळतात.) नंतर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज गेला, तो मंजूर झाला. तय्यबजींपुढे टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर कोण? दावर. अकरा वर्षांनी तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत, समोर तेच टिळक, तेच 124 अ कलम. जामिनासाठी उभे बॅरिस्टर जीना. टिळकांना मधुमेह आहे, बचावाची तयारी करायला मोकळीक हवी, असं जीनांनी सांगितलं. दावरांनी एके काळी ज्या मुद्द्यांवर जामीन मिळवला होता, साधारण तेच मुद्दे त्यांच्याच पुढ्यात ठेवले. दावरांनी जामीन नाकारला.

म्हणून लोक म्हणतात, माणूस फिरला.

आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. वकिलाचं म्हणणं हे त्याचं मत नसतं, ते अशिलाचं असतं. काल ज्याची बाजू मांडली त्याच्या विरुद्ध आज निकाल द्यावा लागला, तर त्यात फितुरी कसली? एवढंच खरं, की जुन्या अशिलाचा खटला आपल्यापुढे नको, असं एखाद्याला वाटलं असतं तर ते शोभून दिसलं असतं. पण 'फिरला' हा शब्द इथे बसत नाही. उलट दावरांचा सर्वांत भक्कम बचाव 'स्वधर्म' या शब्दात आहे: खुर्चीचं कर्तव्य खुर्चीत बसलेल्यानं करावं, आवडनिवड बाजूला ठेवून. आणि कर्तव्याच्या या विचारावर मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ, 'गीतारहस्य', टिळकांनी लिहिला तो मंडालेच्या तुरुंगात. तिथे त्यांना धाडणारे दावरच. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. आम्हाला मात्र त्यात हसण्यासारखं फार काही वाटत नसे.

मग दोष कुठे? जामीन नाकारण्यात नाही, कारणं न देण्यात. कारणांची चर्चा केली तर खटल्यावर परिणाम होईल, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून दावरांनी विषय मिटवला. वकिलाकडून आपण युक्तिवाद मागतो, न्यायाधीशाकडून कारण मागतो. बाकी सगळं, म्हणजे झगा, उंच आसन, 'मायलॉर्ड', हे त्या कारणाला वजन यावं म्हणून. कारणच गिळून टाकलं तर उरतो तो नुसता हुकूम. आणि तय्यबजींनी अकरा वर्षांपूर्वी काय केलं होतं? आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा जामिनातला मुख्य प्रश्न धरला आणि त्याचं उत्तर दिलं. ते उत्तर मागणारा माणूस दावरच होता. म्हणजे कारण कसं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

दुसरा दोष शिक्षेच्या वेळचा. ज्युरीत नऊ जण, सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख मराठी, 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत', आणि ते वाचायचे इंग्रजी भाषांतरातून. मराठी जाणणारी ज्युरी हवी हे टिळकांच्या बाजूचं म्हणणं होतं. मिळाली खास ज्युरी. टिळकांनी स्वतःच बचाव केला, एकवीस तासांहून जास्त बोलले. 22 जुलैला रात्री दहाच्या सुमारास सात विरुद्ध दोन असा कौल आला. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस, बावन्न पूर्ण. दावरांनी सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड सांगितला. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. लेखांमागे रोगट मन आहे, अशी पत्रकारिता देशाला शाप आहे, अशा आशयाचं भाषण केलं. ज्युरीचा कौल आला होता, शिक्षा कायद्यात होती, मग ही भर कशाला? इथे खुर्चीतला माणूस पुन्हा वकील झाला, आणि या खेपेला सरकारचा.

आता काळाचं ओझं धरलं पाहिजे, नाहीतर आम्हीही भिंतच रंगवू. 30 एप्रिल 1908 ला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, केनेडी मायलेकी त्यात गेल्या. तो बॉम्ब कुणासाठी होता? किंग्जफर्डसाठी, म्हणजे एका न्यायाधीशासाठी. टिळकांचे लेख त्याच बॉम्बवरचे. बाहेर मुंबईतले गिरणी कामगार खवळलेले. सहा वर्षांच्या शिक्षेवर त्यांनी सहा दिवस संप केला. अशा वेळी न्यायासनावर बसायला भीती वाटली असेल, तर ती माणसाची भीती आहे. आम्ही ती समजू शकतो.

पण 'काळच तसा होता' यानं सगळं धुऊन निघत नाही. 1897 साली स्ट्रेची यांनी 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रेमाचा अभाव, असा चमत्कारिक अर्थ लावला. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! 1916 साली टिळक तिसऱ्यांदा कोर्टात आले, महायुद्ध चालू असताना, आणि या वेळीही त्यांचे वकील जीना. न्यायमूर्ती बॅचलर यांनी तो अर्थ मानला नाही, भाषणं सबंध वाचली पाहिजेत असं म्हटलं, आणि न्यायमूर्ती शहांसह मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. बॅचलर इंग्रज. तेच सरकार, तीच इमारत, तशीच खुर्ची. रानडे, तय्यबजी, दावर, बॅचलर ही चार नावं ओळीनं ठेवली, तर 'आपला न्यायाधीश' आणि 'त्यांचा न्यायाधीश' ही वाटणी टिकत नाही.

1956 साली टिळकांच्या जन्मशताब्दीला मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्या कोर्टाबाहेर टिळकांच्या शेवटच्या वाक्यांची पाटी बसवली. ती योग्यच झाली. पण तिथे उभं राहिलं की फक्त टिळक ऐकू येतात. कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनी दावरांचा कागदही तिथेच वाचावा, अशी आमची इच्छा आहे. कुणी ऐकत नाही, ते जाऊ द्या.

छागला तरुणपणी जीनांच्या हाताखाली काम करत. त्यांनी आठवणींत एक प्रसंग दिलाय. दावरांना 'सर' किताब मिळाला, वकिलांनी मेजवानी ठरवली, निमंत्रणाचा कागद फिरला, आणि जीनांनी त्यावर खरमरीत शेरा मारला. दावरांनी त्यांना बोलावून घेतलं. माझ्या कोर्टात तुम्हाला मी नीट वागवलं नाही का, सभ्यपणानं वागलो नाही का, असं विचारलं. जीना म्हणाले, वागवलंत. मग असं का लिहिलं? कारण ते खरं आहे, जीना म्हणाले. तुम्ही टिळकांचा खटला ज्या तऱ्हेनं चालवलात, त्याबद्दलचा राग मला आवरता येत नाही.

दावरांनी त्या दिवशी विचारलं ते एवढंच: तुमच्याशी मी कसा वागलो? टिळकांबद्दल त्यांनी काही विचारल्याचं छागलांनी लिहिलेलं नाही.