ग्रंथसंग्रह आपला, वर्गणी कशाची?

धर्मग्रंथांच्या अभ्यासासाठी तयार झालेली सॉफ्टवेअरे पूर्वी ग्रंथाप्रमाणे एकदाच विकत घेतली जात. आता तेथे वार्षिक वर्गणीची पद्धत रूढ होत आहे. अमेरिकेत १९९२ साली सुरू झालेल्या 'लोगोस' या बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपली नवी साधने वर्गणीच्या योजनेत आणली. ग्राहकांनी पूर्वी घेतलेले ग्रंथ त्यांच्याकडेच राहिले. परंतु त्या ग्रंथांत शोध घेण्याच्या सुधारित सोयी वर्गणीदारास मिळू लागल्या. ज्याच्या संग्रही हजारो संगणकीय ग्रंथ अगोदरच आहेत, त्याला या वर्गणीचा लाभ काय, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. प्रश्न ख्रिस्ती अभ्यासकांचा असला तरी पालिच्या विद्यार्थ्याने तो परका मानू नये असे आम्हांस वाटते.

वर्गणी घेणाऱ्याच्या पदरात तीन गोष्टी पडतात : अधिक ग्रंथ, शोधाची साधने आणि यंत्राने तयार केलेले सारांश. या तिन्हींची परीक्षा वेगवेगळी केली पाहिजे.

अधिक ग्रंथांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाच्या पाठाची तबकडी १९९७ साली काढली, तेव्हापासून मूळ तिपिटक, अट्ठकथा व टीका देवनागरीत विनामूल्य उपलब्ध आहेत. परभणी, पूर्णा वा जिंतूर येथील ज्या विहारात एक साधा संगणक आहे, तेथे धर्मानंद कोसंबींच्या पिढीला एका ठिकाणी कधीही न लाभलेला संग्रह असू शकतो. हा संग्रह वाचून संपविणारा अभ्यासक आमच्या पाहण्यात नाही. अशा स्थितीत आणखी ग्रंथांसाठी पैसे मोजणे म्हणजे भरल्या रांजणात पाणी ओतणे होय.

शोधाच्या साधनांची गोष्ट मात्र निराळी आहे. संग्रह जेवढा मोठा तेवढी त्यांची गरज अधिक, हे वर्गणीच्या समर्थकांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. मराठी वाचक सवयीने 'संघ' असे लिहून शोध घेतो. छट्ठ संगायनाच्या पाठात तो शब्द 'सङ्घ' असा आहे. अक्षरशः शोध घेणाऱ्या यंत्राच्या हाती काहीच लागत नाही आणि वाचकाचा समज होतो की शब्दच नाही. 'गच्छति' शोधणाऱ्यास 'अगमासि' सापडत नाही, 'उपसङ्कमि' हा स्वतंत्र शब्द म्हणून शोधणाऱ्याच्या हातून 'तेनुपसङ्कमि' निसटते. विभक्ती, धातुरूपे आणि संधी जाणणारे साधन हाती नसेल तर मोठा संग्रह हा केवळ मोठा ढीग आहे. अशा साधनासाठी कोणी मोल मागितले तर ते अन्याय्य नव्हे. पालिच्या बाबतीत मात्र हे साधनही विनामूल्य मिळते. 'डिजिटल पालि डिक्शनरी' रूपे ओळखते व संधी सोडविते, आणि ऱ्हिस डेव्हिड्स व स्टेड यांचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संगणकावर मोल्सवर्थच्या मराठी कोशाशेजारीच खुला आहे.

सारांशाच्या सोयीविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. सतिपट्ठानसुत्ताचे उदाहरण घ्यावे. पालि टेक्स्ट सोसायटीच्या मज्झिमनिकायात हे सुत्त लहान असून आर्यसत्यांचे सविस्तर विवरण फक्त दीघनिकायात येते. छट्ठ संगायनाच्या आवृत्तीत मज्झिमातील सुत्तही 'महासतिपट्ठानसुत्त' या नावाने आणि त्या विवरणासह छापलेले आहे. या भेदामागे पाठाचा इतिहास आहे. जो दोन्ही पाठ समोर ठेवतो त्याला तो दिसतो. दोहोंचा एकच गुळगुळीत सारांश वाचणाऱ्यास तो दिसण्याचा संभव थोडा. सिंहली, सयामी व रोमन प्रतींचे पाठभेद छट्ठ संगायनाच्या तळटीपांतच दिलेले आहेत. त्यांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या अभ्यासकास नवे यंत्र काय देणार?

यावर एक आक्षेप येईल. विद्यापीठे वर्गणी भरतातच ना? केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. परंतु नियतकालिकाचा नवा अंक निघत असतो. तिपिटकाचा निघत नाही. जे वाढते त्याची वर्गणी समजू शकते. शिवाय ही योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्था व केंद्र सरकारच्या संशोधनसंस्था यांच्यापुरती आहे. विहाराच्या वाचनालयात बसणारा शिक्षक वा रेल्वे कामगार तिच्या कक्षेत येत नाही, आणि आमचा मुख्य वाचक तोच आहे.

दुसरा मुद्दा स्वामित्वाचा. जुलै २००९ मध्ये अमेझॉन कंपनीने ऑरवेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या काही प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. पैसे परत दिले हे खरे. पण कपाटातले पुस्तक असे कोणी नेत नाही. सार्वजनिक ग्रंथालयाने याचा विचार अवश्य करावा. देणगीवर चालणाऱ्या संस्थेची वर्गणी एखाद्या वर्षी थकली तर शोधाचे साधन बंद पडते आणि दहा वर्षे त्याच्या सवयीने वाचणाऱ्यांना मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो.

तेव्हा ज्यांच्याकडे संग्रह आहे त्यांनी खर्चच करू नये काय? करावा, पण जेथे उणीव आहे तेथे. विनामूल्य साधनेही कोणाच्या तरी श्रमांवर व दानावर उभी असतात. त्यांना थोडी रक्कम पाठविणे वर्गणीहून उचित. कोसंबींचे देहावसान १९४७ सालचे. भारतीय कायद्यातील साठ वर्षांची मुदत संपून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २००८ पासून सर्वांना खुले झाले आहेत. त्यांची शोधता येईल अशी शुद्ध मराठी प्रत सिद्ध करणे हे काम एखाद्या जिल्ह्याच्या आवाक्यातील आहे.

त्याहून निकडीचे काम आणखी एक आहे. वर्षावासात विहारोविहारी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली निघाला तेव्हा त्यात आधारस्थळे दिलेली नव्हती. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पालि आधार शोधून दिले. श्रोत्यांपैकी एखादा तरुण उठून "हे तिपिटकात कोठे आहे?" असे विचारतो, तेव्हा त्याला उत्तर मिळालेच पाहिजे. कौसल्यायनांनी दिलेली स्थळे जुन्या छापील आवृत्त्यांची आहेत. ती आजच्या संगणकीय पाठाशी जुळवून घ्यावी लागतील. येथे रूपे ओळखणारे साधन खरोखर उपयोगी पडेल. आरंभ वर्षावासात वाचल्या जाणाऱ्या पहिल्या प्रकरणांपासून करावा. एका रकान्यात मराठी ग्रंथाचे पृष्ठ, दुसऱ्यात निकाय व सुत्ताचा क्रमांक, एवढी वही प्रत्येक वाचनालयाने ठेवली तरी चालेल.