नामोल्लेख आणि ‘सहकारी’ : नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांच्या स्मरणदिनाचे एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

संत आणि हुतात्मे यांचे स्मरणदिन हे ख्रिस्ती उपासना-पंचांगाचे एक प्रमुख अंग होय. या दिनांचा अभ्यास सामान्यतः धर्मशास्त्र किंवा लोकसंस्कृती यांच्या अंगाने केला जातो. परंतु प्रत्येक स्मरणदिनामागे एक संहिता उभी असते. तिला शीर्षक असते, निवेदक असतो, मध्यवर्ती आणि गौण पात्रे असतात. इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्ना येथे पॉलिकार्प यांचा वध झाला. त्यानंतर तेथील ख्रिस्तमंडळीने लिहिलेल्या पत्रात दरवर्षी त्यांच्या हौतात्म्याचा ‘जन्मदिन’ साजरा करण्याचा मनोदय व्यक्त झाला आहे. म्हणजेच सण आणि संहिता यांचे नाते आरंभापासूनचे आहे. या नात्याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारल्या गेलेल्या सव्वीस जणांचे उदाहरण घेतले आहे. या सव्वीस जणांत वसईचे गोन्सालो गार्सिया हेही होते.

घटना आणि व्यक्ती

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा किनाऱ्यावर आदळले. त्यातून उद्भवलेल्या संशयाच्या वातावरणात तोयोतोमी हिदेयोशी याने क्योतो आणि ओसाका येथील ख्रिस्ती धर्मप्रचारक व त्यांचे अनुयायी यांना पकडण्याचा आदेश दिला. चोवीस जणांच्या कानाची पाळी कापून त्यांना भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि १७ सामान्य ख्रिस्तजन होते. लुई इबाराकी हा त्यांतील सर्वांत लहान, अवघ्या १२ वर्षांचा होता. सहा फ्रान्सिस्कनांपैकी चौघे स्पेनचे, फेलिपे दे हेसूस मेक्सिकोचे आणि गोन्सालो गार्सिया वसईचे. १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केले.

गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. किशोरवयातच ते येशूसंघीयांसोबत जपानला गेले आणि जपानी भाषेत पारंगत झाले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. काही काळ व्यापार केल्यानंतर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ‘बंधू’ म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळासोबत ते जपानला परतले, ते दुभाषी म्हणून. हिदेयोशीच्या दरबारात स्पॅनिश धर्मगुरूंचे म्हणणे जपानी भाषेत पोहोचले ते त्यांच्या मुखातून. प्रस्तुत विवेचनात ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

एक घटना, अनेक शीर्षके

१९६९ च्या सुधारित रोमन पंचांगात हा स्मरणदिन जगभरच्या कॅथलिक ख्रिस्तसभेसाठी समाविष्ट झाला. त्याचे शीर्षक आहे, ‘संत पॉल मिकी आणि सहकारी, हुतात्मे’. तारीख मात्र ५ नव्हे, तर ६ फेब्रुवारी आहे, कारण ५ फेब्रुवारी हा दिवस प्राचीन काळापासून सिसिलीच्या संत आगाथा यांचा आहे. याउलट जपान आणि मेक्सिको येथे प्रत्यक्ष मृत्यूची तारीख, ५ फेब्रुवारी, राखली गेली. मेक्सिकोत हा दिवस संत फेलिपे यांचा म्हणून ओळखला जातो. त्यांच्या हौतात्म्याच्या वेळी घरचे वाळलेले अंजिराचे झाड पालवले, ही लोककथा तेथे रूढ आहे. फ्रान्सिस्कन परंपरेत अग्रस्थान पेद्रो बाप्तिस्ता यांचे. वसईत ते अर्थातच गोन्सालो यांचे.

प्रॉटेस्टंट परंपरांचा प्रतिसाद अधिक लक्षणीय आहे. १५३० च्या ऑग्जबर्ग कबुलीजबाबाने संतांचे स्मरण मान्य केले, पण त्यांच्याकडे मध्यस्थीची याचना करणे नाकारले. या भूमिकेतून अमेरिकेतील इव्हँजेलिकल लूथरन आणि एपिस्कोपल मंडळ्या ५ फेब्रुवारीला, तर चर्च ऑफ इंग्लंड ६ फेब्रुवारीला ‘जपानचे हुतात्मे’ यांचे स्मरण करते. येथे कोणाही एका व्यक्तीचे नाव नाही. जे रोमशी एकनिष्ठ राहून मेले, त्यांना रोमपासून विभक्त झालेल्या मंडळ्यांनी आपल्या पंचांगात स्थान दिले, ही गोष्ट हौतात्म्य पंथभेद ओलांडते याची साक्ष देते.

शीर्षकातील हे फरक वरवरचे नाहीत. ‘अमुक आणि सहकारी’ ही रचना एकाला कर्ता आणि इतरांना परिवार बनवते. पॉल मिकी यांची निवड अकारण नव्हती. युरोपीय धर्मगुरूऐवजी जपानी व्यक्तीचे नाव अग्रभागी येणे हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ख्रिस्तसभेच्या बदललेल्या दृष्टीशी सुसंगत होते, असे अनुमान करता येते. तथापि या निवडीने एक अन्याय दूर करताना पंचवीस नावे एका सामान्यनामात लोटली, हेही नाकारता येत नाही.

पाठाची चिकित्सा

या दिवसाच्या रोमन प्रार्थनापाठात एका समकालीन लेखकाचा वृत्तांत वाचला जातो. त्यात क्रुसावरील काही जणांचे वर्तन थोडक्यात येते. कोणी निश्चल आहे, कोणी स्तोत्र गातो, कोणी मोठ्याने ईश्वराचे आभार मानतो. गोन्सालो यांच्या वाट्याला आलेल्या एका वाक्यात ते प्रभूची प्रार्थना आणि मरियेची प्रार्थना उच्च स्वरात म्हणत होते, इतकेच सांगितले आहे. त्यानंतर निवेदक पॉल मिकी यांच्याकडे वळतो. त्यांना आपल्या बंधुसंघाचा म्हणून संबोधतो आणि क्रुसालाच त्यांचे व्यासपीठ कल्पून त्यांचे प्रवचन नोंदवतो.

निवेदकाची संघनिष्ठा येथे उघड होते. मिकी हे प्रवचनकार होते, म्हणून त्यांना वाणी मिळणे स्वाभाविकच आहे. पण ज्याने आयुष्यभर इतरांची वाणी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेली, त्या दुभाष्याला पाठात स्वतःचे एकही वाक्य नाही. त्याच्या मुखी केवळ ठरलेल्या प्रार्थना आहेत. अर्थात त्या क्षणी गोन्सालो यांनी प्रार्थनाच निवडली असेल, तर त्यांच्या मौनाचा तो सन्मान आहे, असाही युक्तिवाद होऊ शकतो. तो मान्य केला तरी हा पाठ दुभाषी म्हणून त्यांची ओळखच सांगत नाही, ही उणीव उरतेच.

मराठीतील पारिभाषिक शब्द या संदर्भात उद्बोधक ठरतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘साक्षीदार’ असा आहे. ‘रक्तसाक्षी’ हा मराठी ख्रिस्ती शब्द तो अर्थ जपतो. ‘हुतात्मा’ या शब्दात मात्र आत्म्याची आहुती हा भाव प्रधान असून, महाराष्ट्रात त्याला राजकीय लढ्यांचेही संदर्भ चिकटले आहेत. आहुतीला वाणी लागत नाही, साक्षीला लागते. गोन्सालो यांना ‘रक्तसाक्षी’ म्हणावयाचे, तर त्यांच्या मृत्यूइतकेच त्यांचे भाषांतरकार्यही स्मरणात यावयास हवे.

संख्येचा पर्याय

पूर्वेकडील परंपरेत याला एक पर्याय दिसतो. सेबास्ते येथील चाळीस हुतात्म्यांचे स्मरण ऑर्थोडॉक्स मंडळी ९ मार्च रोजी ‘चाळीस’ म्हणूनच करतात. २०१५ मध्ये लिबियात मारल्या गेलेल्या एकवीस जणांना कॉप्टिक मंडळीने हुतात्मे म्हणून आपल्या पंचांगात घेतले. त्यांत घाना येथील मॅथ्यू अयारिगा हेही होते. संख्येने त्यांना वगळले नाही. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या एकवीस जणांचा रोमन हुतात्मावलीत समावेश जाहीर केला. दुसऱ्या परंपरेतील हुतात्म्यांचा स्वीकार होताना त्यांची सामूहिक ओळखही कायम राहिली.

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवरील १९६२ चे स्मारक हेच तत्त्व शिल्पात आणते. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी सव्वीसही आकृती एका रांगेत उभ्या केल्या आहेत. तेथे ‘सहकारी’ कोणी नाही. तथापि संख्येचीही मर्यादा आहे. ती समता देते. पण चरित्र देत नाही.

निष्कर्ष

स्मरणदिनाचे शीर्षक आणि पाठ हे श्रद्धेचे निरपेक्ष आविष्कार नसून निवडीचे परिणाम असतात, हे या विवेचनातून स्पष्ट होते. वसईच्या वाचकाला ‘सहकारी’ या शब्दाआड आपला संत शोधावा लागतो, ही खंत रास्त आहे. परंतु मिकी यांच्या जागी गोन्सालो यांचे नाव घातल्याने दोष दूर होत नाही. केवळ त्याचे स्थान बदलते. ज्यांना कोणताही संघ, देश वा महाविद्यालय आपले म्हणून मिरवत नाही, ते १७ सामान्य ख्रिस्तजन तेव्हाही सहकारीच राहतील. संख्येने सर्वांना एकत्र ठेवणे आणि नावानिशी प्रत्येकाचा उच्चार करणे, या दोहोंची जोड घालणारा पाठ हाच या स्मरणदिनाला न्याय देऊ शकेल. सव्वीस नावे वाचावयास दोन मिनिटेही लागत नाहीत.