भाडेकरू राहिला, भाड्याचे घर गेले : शनिवार पेठेतील वाडा-पुनर्विकासाची चिकित्सा

प्रस्तावना :
एकाच इमारतीत निवास आणि व्यवसाय सामावणारा 'मिश्र वापर' ही नगररचनाशास्त्राची आधुनिक शिफारस म्हणून सांगितली जाते. पुण्याच्या शनिवार पेठेस ती नवी नाही. रस्त्याकडेला दुकान, आत चौक, चौकाभोवती मालकाचे कुटुंब आणि माडीवर भाडेकरूंची बिऱ्हाडे ही जुन्या वाड्याची सर्वपरिचित रचना होती. शिक्षक, कारकून, दुकानातील नोकर, शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी अशा बेताच्या मिळकतीच्या माणसांना कामाच्या ठिकाणाजवळ खोली मिळे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. सामाईक नळ, सामाईक संडास आणि जातीवरून नाकारलेली खोली हेही त्याच काळाचे वास्तव होते. पुनर्विकासाने त्या रचनेतील काय टिकवले आणि काय घालवले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

भाडेनियंत्रणाचा वारसा :
१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस संरक्षण आवश्यकच होते. परंतु तात्पुरता उपाय अर्धशतक चालला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवणूक अवाजवी ठरल्याचा निर्वाळा दिला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. त्या वेळी २० रुपये असलेले भाडे चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी सुमारे ५३ रुपये होते. एवढ्यात फुटकी कौले बदलणेही शक्य नाही. मालकाने दुरुस्ती थांबवली, भाडेकरूने खोली सोडली नाही आणि वाडा खचत गेला. यात दोघांपैकी एकालाच दोषी ठरवणे अन्यायाचे होईल.

पुनर्विकासाचे गणित :
प्रचलित नियमावलीत भाडेकरूच्या पुनर्वसनास प्राधान्य असून त्या क्षेत्राच्या प्रमाणात प्रोत्साहनपर चटईक्षेत्र मिळते. व्यवहारात जुन्या भाडेकरूस मालकीची सदनिका मिळते आणि उरलेल्या सदनिका व दुकाने बाजारभावाने विकली जातात. त्या भाडेकरूपुरता हा न्यायच आहे. मात्र त्याच्यानंतर पेठेत येऊ पाहणाऱ्यासाठी त्या इमारतीत परवडणारी खोली उरत नाही. कायद्याने व्यक्तीस संरक्षण दिले; भाड्याच्या घरास दिले नाही.

शनिवारवाड्याच्या परिसरात आणखी एक पेच आहे. प्राचीन स्मारकविषयक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. तेथे जुना वाडा पडला तर त्याच्या जागी नवा उभा करता येत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, नव्या सदनिकाही भाड्याने दिल्या जातातच. हे खरे, पण 'लीव्ह अँड लायसन्स'च्या अकरा महिन्यांच्या करारावर आणि बाजारभावाने. स्पर्धा परीक्षांसाठी आलेले विद्यार्थी पेठांमधून 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीतील एक खाट, हेच आज पेठेतील परवडणारे भाड्याचे घर होय. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेलेच अनेक जण त्या खाटांवर असतात, हे प्राध्यापकवर्गास सांगावयास नको.

धोरणाचा अनुभव :
केवळ घरे बांधून हा प्रश्न सुटत नाही. मुंबई महानगर प्रदेशात २००८ पासून राबवलेल्या भाडेतत्त्वावरील योजनेत १६० चौरस फुटांची घरे बांधली गेली. त्यांपैकी पनवेलजवळील कोन येथील घरांची २०१६ साली गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली. कामगारांची मागणी रास्तच होती; परंतु भाड्यासाठी बांधलेली घरे अखेर मालकीचीच झाली. याउलट, व्हिएन्ना नगरपालिकेने १९३० मध्ये खुल्या केलेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत १,३०० हून अधिक घरांसोबत दुकाने, धुलाईघरे, बालवाड्या व वाचनालय होते. ती घरे आजही नगरपालिकेच्या मालकीची व भाड्याची आहेत. फरक बांधकामाचा नसून मालकी कोणाकडे राहते याचा आहे.

निष्कर्ष :
केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आणि २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आला. तथापि, पेठेतील दीड-दोन गुंठ्यांच्या भूखंडापर्यंत असे धोरण आपोआप पोहोचणार नाही. लगतचे वाडे एकत्र घेऊन सामूहिक पुनर्विकास करावा, प्रोत्साहनपर चटईक्षेत्राचा ठरावीक हिस्सा कायम भाडेतत्त्वावर आणि अविक्रेय ठेवावा, त्याची मालकी नगरपालिकेकडे किंवा सार्वजनिक न्यासाकडे असावी आणि तळमजल्यावरील काही दुकानांच्या भाड्यातून वरच्या खोल्यांची देखभाल व्हावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मालकाचा व विकासकाचा नफा यामुळे काहीसा घटेल, हे मान्य करावे लागेल. परंतु वाढीव चटईक्षेत्र ही मूलतः समाजाने दिलेली सवलत आहे. तिच्या बदल्यात समाजाने काही खोल्या मागून घेतल्या, तर ती मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.