‘मंकी आयलंड’मधील संदर्भ आणि विडंबन
विनोदी साहसखेळांतील चित्रपटादी संदर्भांची नुसती मोजदाद करणारी समीक्षा त्यांचे कार्य मात्र तपासत नाही. ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) मध्ये मद्यालयातील एक चाचा छातीवर ‘लूम’चा बिल्ला मिरवतो. ‘लूम’ हा त्याच कंपनीचा खेळ. एरवी केवळ हुंकार भरणारा हा इसम त्याविषयी विचारताच विक्रेत्यासारखा बोलत सुटतो. येथे ‘लूम’ ठाऊक नसणाराही हसतो. दुसऱ्या भागाच्या (१९९१) शेवटी मात्र खलनायक लेचक आपण नायक गायब्रशचा भाऊ असल्याचे सांगतो. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) न पाहिलेल्यास हे विडंबन उमगणे कठीणच. पण पुढे दोघेही करमणूक उद्यानातील मुले ठरतात आणि नायकाचे आजवरचे सारे साहस शब्दशः पोरखेळ होऊन बसते.