खुर्ची टिपली, माणसं सुटली: सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चर्चबद्दल

माझ्या एका प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वीडनबोर्गियन चर्चवर चार पानं होती. छत, खुर्च्या, चित्रं, सगळं त्यात आलं होतं. मॅडमनी समासात एकच प्रश्न लिहिला: "इथे प्रार्थना कोण करतं?" माझ्या चार पानांत त्याचं उत्तर नव्हतं. ते का नव्हतं हे शोधताना जे हाती लागलं, ते संशोधनाची तयारी करणाऱ्यांच्या कामाचं आहे, म्हणून इथे लिहितेय.

आधी थोडी ओळख. एमानुएल स्वीडनबोर्ग (१६८८–१७७२) स्वीडनच्या खाण खात्यात काम करणारा शास्त्रज्ञ होता, नंतर तो धर्मचिंतनाकडे वळला. निसर्गातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी आध्यात्मिक सत्याशी जुळलेली असते, हा त्याचा एक मुख्य विचार. त्याचे अनुयायी आपल्याला अगदीच परके नाहीत. विवेकानंद १८९३ मध्ये शिकागोच्या ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, तिच्या आयोजनामागचे वकील चार्ल्स बॉनी याच पंथाचे.

आता चर्च. ते १८९५ मध्ये बांधून झालं, जोसेफ वूस्टर या धर्मगुरूंच्या पुढाकाराने. रस्त्यावरून थेट आत जाता येत नाही, आधी बाग लागते. आत छताला आधार म्हणून मड्रोन झाडांचे खोड आहेत, तेही साल न काढता. बसायला बाकं नाहीत, मेपलच्या लाकडाच्या, लव्हाळ्याने विणलेल्या सुट्या खुर्च्या आहेत. एका बाजूला चक्क शेकोटी. भिंतीवर विल्यम कीथने रंगवलेले कॅलिफोर्नियातले ऋतू. अमेरिकेतल्या मिशन शैलीच्या फर्निचरचा इतिहास वाचलात तर ही खुर्ची हमखास भेटते.

या वास्तूवरचं बरंचसं लेखन दोन प्रश्नांभोवती फिरतं. एक, शैली कुठली? दोन, आराखडा नक्की कोणाचा: ए. पेज ब्राउनचा, त्याच्या कार्यालयातल्या मेबेकचा की श्वाइनफर्थचा, की वूस्टर यांचा स्वतःचा? प्रश्न चांगलेच आहेत. पण मीही तेवढेच दोन विचारले आणि थांबले.

मग एक गोष्ट लक्षात आली. २००४ मध्ये या चर्चला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. अमेरिकेच्या नियमांनुसार धार्मिक वास्तूला हा दर्जा हवा असेल, तर तिचं महत्त्व मुख्यतः वास्तुकलेचं, कलेचं किंवा इतिहासाचं आहे हे दाखवावं लागतं. सरकारने एखाद्या धर्माची बाजू घेऊ नये, या दृष्टीने हे योग्यच. पण परिणाम बघा: श्रद्धा आपोआप पार्श्वभूमीला जाते. ही चौकट अर्जाची होती. मी मात्र ती माझ्या संशोधनाची चौकट करून टाकली.

चूक कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. सालीसकट खोड, बाग, ऋतू, म्हणजे हा सगळा स्वीडनबोर्गचा सिद्धांतच लाकडात उतरलाय, असं उत्साहाने लिहिलं. तेही टिकलं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला याच पंथाचं चॅपल १९०१ मध्ये उभं राहिलं आणि ते आहे दगडी, गॉथिक धाटणीचं. सिद्धांत तोच, पण रूप पार वेगळं. शिवाय वूस्टर यांनी त्याआधी, १८७० च्या दशकात, पीडमाँटला स्वतःसाठी बांधलेलं घरही असंच साधं, लाकडी होतं, आणि ते काही चर्च नव्हतं. म्हणजे सिद्धांत, कॅलिफोर्नियाचा निसर्ग, वूस्टर यांची आवड आणि भोवतालचे कलावंत मित्र, हे सगळं एकत्र वाचावं लागतं. एका कारणावर भागत नाही.

आणि मॅडमचा प्रश्न? तो उरतोच. हे चर्च संग्रहालय नाही. तिथे रविवारची उपासना होते, लग्नं लागतात. ज्या संघटनेशी ते जोडलेलं आहे, तिने १९७५ पासून स्त्रियांना धर्मगुरूपद दिलं, पुढे समलिंगी व्यक्तींनाही. हाही वारसाच. पण तो खुर्चीसारखा मोजता येत नाही, फोटोत दिसत नाही, म्हणून यादीत सहज येत नाही. वास्तूचा दर्जा छत जपायला मदत करेल, छताखाली जमणारी माणसं तो आणून देऊ शकत नाही. उद्या उपासना थांबली आणि इमारत जशीच्या तशी राहिली, तर माझ्या पहिल्या मसुद्यातला एक शब्दही बदलावा लागला नसता. मसुद्याची खरी खोट तीच होती.

तुम्ही एखादा दस्तऐवज हातात घ्याल तेव्हा दोन गोष्टी करा. तो कुठल्या अटी पूर्ण करायला लिहिला गेला, ते आधी बघा. आणि तुमचं स्पष्टीकरण फार छान जुळायला लागलं, की मुद्दाम एक केंब्रिज शोधा.

चार पानांची आता अकरा झाली आहेत. खुर्ची अजून आहे, फक्त तिच्यावर आता कोणीतरी बसलेलं आहे.